चंद्राची हाफ प्लेट

शनिवारची रात्र, पावणेनऊची वेळ. जकार्तातल्या तेबेत नावाच्या भागात एका गल्लीच्या तोंडाशी मी रांगेत उभी होते, आणि त्या अख्ख्या रांगेत मुलगी म्हणाल तर मी एकटीच. बाकी सगळे बाप्ये. त्यातले निम्मे तर विशीतले. केसांना जेल, कडक इस्त्रीचा शर्ट, बोटात गरगर फिरणारी बाईकची किल्ली आणि चेहऱ्यावर तोंडी परीक्षेला आल्यासारखे भाव.

रांग होती एका हातगाडीपुढे. काचेची पेटी, वर ट्यूबलाइट, खाली हिरव्या रंगाचा तीन किलोचा गॅस सिलिंडर (त्या बुटक्या गोल सिलिंडरला तिथे सगळे ‘मेलन’ म्हणतात, कलिंगडाच्या भावकीतलं दिसतं म्हणून). काचेवर लाल-पिवळ्या ढब्ब्या अक्षरांत नाव: मार्ताबाक मानिस. मानिस म्हणजे गोड. मार्ताबाक म्हणजे काय, ती वेगळीच भानगड आहे, तिच्याकडे येतेच.

आता ‘गोड धिरडं’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे कणीक आणि गुळाचं, आजारपणात मिळणारं ते मऊ प्रकरण येईल. ते साफ विसरा. हे धिरडं दोन बोटं जाड असतं. बिडाच्या जड, काठ असलेल्या गोल तव्यात ते होतं. मैदा, साखर, अंडं, पाणी असं सरसरीत पीठ तासभर तरी मुरलेलं असतं आणि तव्यात जायच्या जरा आधी त्यात सोडा पडतो. गाडीवाला डावभर पीठ ओततो आणि डावाच्या पाठीने ते हलकेच काठावर चढवतो. त्या काठाची होते कुरकुरीत, तपकिरी झालर. मधलं पीठ मात्र गप्प बसून असतं. मग एकेक बुडबुडा यायला लागतो. फुटतो, तिथे भोक राहतं. बघता बघता सगळ्या अंगावर भोकंच भोकं. मूठभर साखर भुरभुरायची, वर झाकण ठेवायचं, आणि मास (तिथे तरुण माणसाला ‘मास’ म्हणायचं, आपल्या ‘दादा’सारखं) पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

झाकण निघालं की खरा तमाशा सुरू. वाफाळतं धिरडं बाहेर काढून त्यावर मार्जरीन. थोडंसं नाही हं, गवंडी गिलावा करतो तसं. त्या भोकांमधून ते आत झिरपतं. मग चॉकलेटच्या बारीक काड्या, त्यावर शेंगदाण्याचं कूट, मग तीळ, मग चीज, किसणीवर जोरजोरात किसलेलं पांढरं चीज. आणि या सगळ्यावर कंडेन्स्ड मिल्कचा डबा असा काही उपडा करायचा की आपल्याच पोटात गोळा येतो. मग मधोमध काप, एका अर्ध्यावर दुसरं अर्धं झाकायचं, वरून पुन्हा एकदा मार्जरीनचा हात, खटाखट तुकडे आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात रवानगी. पाहता पाहता खोक्याच्या तळाला तेलकट डाग उमटतो. कॅलरीचं बोलू नका. तिथे कोणी बोलत नाही.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, ‘अरे, ही तर आंबोळी!’ कारण ती भोकं. आपल्याकडे आंबोळीला जाळी पडली पाहिजे म्हणतात ना, तोच फंडा. तिथे या जाळीला ‘सारांग’ म्हणतात, म्हणजे घरटं. घरटं पडलं नाही तर मार्ताबाक फुकट. रांगेतली पोरं झाकण उघडताना माना लांब करून नेमकं तेच बघत होती.

पण या पोरांना एवढं टेन्शन कसलं?

तर शनिवारची रात्र म्हणजे तिथे ‘मालाम मिंग्गू’. शब्दशः रविवारची रात्र, म्हणजे रविवारच्या आदली. या रात्री पोराने पोरीच्या घरी जायचं, तिच्या आईवडिलांसमोर खुर्चीच्या कडेवर बसायचं, दहा प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि मग जमलं तर तिच्याशी चार शब्द बोलायचे, ही जुनी रीत. आता मॉलमध्ये भेटणं, सिनेमा, कॉफी सगळं आलंय, तरी रीत पूर्ण गेलेली नाही. आणि अशा घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं. काय न्यायचं? मार्ताबाक! होणाऱ्या सासूसासऱ्यांना मार्ताबाकने पटवायचं, हा इंडोनेशियात विनोदही आहे आणि प्रत्यक्ष व्यवहारही. नवरे उशिरा घरी जाताना खोकं नेतात, बाप पोरांना नेतात, भांडण झालेलं असेल तर हमखास नेतात. गमतीत त्याला ‘सोगोकान’ म्हणतात, म्हणजे लाच.

(बाय द वे, तिथल्या भाषेत नवऱ्याला ‘सुआमी’ आणि बायकोला ‘इस्त्री’ म्हणतात. स्वामी आणि स्त्री! हे कळलं त्या दिवशी मी बराच वेळ एकटीच हसत होते.)

माझा नंबर आला. मासने विचारलं, ‘रासा आपा, म्बाक?’ ‘म्बाक’ म्हणजे ताई. ‘रासा’ म्हणजे आपला रसच, चव या अर्थाने. कोणती चव? मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं. चॉकलेट, दाणे, चीज. आणि मग दोन बोटांची कातरी करून, हवेत कापून दाखवलं. अर्धं. हाफ प्लेट.

मास थांबला. त्याने माझ्या मागे कोणी आहे का ते पाहिलं. मग एक बोट वर करून विचारलं, ‘सेंदिरी?’

एकटी?

मी मान हलवली. मागच्या जेलवाल्याने माझ्याकडे असं काही बघितलं की जणू माझ्याकडे परतीच्या तिकिटाचेही पैसे नाहीत. मास हसला, नाही नाही म्हणत अख्खंच करायला घेतलं. पस्तीस हजार. घाबरू नका, रुपिया. आपले दोनशेसुद्धा होत नाहीत. पण त्या क्षणी मला पस्तीस हजार हा आकडा ऐकून खरंच गलबलून आलं, कारण एका मासिकाकडे माझे जवळजवळ तेवढेच अडकलेत. आपले रुपये. तीन महिने झाले. ‘चेक निघालाय’ हे मराठीतलं सगळ्यात चिवट वाक्य आहे, हे कोणत्याही फ्रीलान्सरला विचारा.

आता मी जकार्तात काय करत होते ते सांगते. कागदोपत्री कामासाठी गेले होते, दोन लेखांचं काम होतं. खरं कारण म्हणजे मास कॉमला माझ्याबरोबर असलेली मैत्रीण तिथे नोकरीला आहे आणि ‘राहायची सोय फुकट’ हे शब्द ऐकल्यावर फ्रीलान्सर विचार करत बसत नाही. ती राहते ‘कोस’मध्ये. कोस म्हणजे आपली कॉट बेसिस, फक्त इथे कॉटऐवजी अख्खी छोटी खोली मिळते. एका लांबलचक व्हरांड्यावर ओळीने दहा-बारा दारं, प्रत्येक दाराबाहेर चपलांचा ढीग आणि तळमजल्यावर घरमालकीण, जिला सगळ्या ‘इबू कोस’ म्हणतात, म्हणजे कोसची आई. आमचं कोस फक्त मुलींचं. मी पोचले आणि तिसऱ्या दिवशी मैत्रिणीला ऑफिसने सुराबायाला धाडलं. तिने मला किल्ली दिली, कुठे काय खायचं त्याची यादी दिली आणि गेली. यादीत सगळ्यात वर मार्ताबाक होतं. हे एकटीने खायचं नसतं, एवढं मात्र लिहायचं विसरली.

आणि त्याच आठवड्यात माझं बाबांशी वाजलं होतं.

भांडण नेहमीचंच. दीड वर्षापूर्वी मी नोकरी सोडली, तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी त्याचा एक एपिसोड होतो. बाबा एका बँकेत छत्तीस वर्षं होते. एकच बँक. गुरुवारी फोनवर त्यांनी विचारलं, ‘तिकडचा खर्च कोण देतंय?’ साधा प्रश्न होता. खरंच साधा होता. पण त्या दिवशी मासिकातून पुन्हा ‘पुढच्या आठवड्यात बघतो’ असं उत्तर आलं होतं आणि माझं डोकं आउट होतं. मी म्हटलं, ‘तुम्हाला नाही कळणार बाबा, तुम्ही सगळं आयुष्य एका खुर्चीत बसून काढलंत.’

ते काही बोलले नाहीत. ‘आईला देतो’ म्हणाले आणि फोन आईकडे गेला.

तर हे असं दोन दिवस पोटात घेऊन मी त्या गाडीपुढे उभी होते, माझं अख्खं मार्ताबाक होण्याची वाट बघत. वाट बघताना माणूस काय करतो? मोबाइल काढतो. मी मैत्रिणीला फोटो टाकला. तिचं उत्तर आलं, ‘सुराबायात याला तेरांग बुलान म्हणतात!’ तेरांग बुलान म्हणजे लख्ख चंद्र, पौर्णिमेचा. कापायच्या आधीचं ते पिवळंधमक, खड्ड्याखड्ड्यांचं गोल धिरडं बघितलं की नाव पटतं. जकार्तातल्या ‘गोड मार्ताबाक’पेक्षा शंभर पटींनी भारी नाव. कारण खरं सांगायचं तर या पदार्थाचा मार्ताबाकशी काही संबंधच नाही!

मार्ताबाक हा मूळचा अरबी शब्द, मुतब्बक, म्हणजे घडी घातलेलं. पातळ पारीत अंडं, खिमा आणि कांद्याची पात घालून, पाकिटासारखी घडी करून तळलेला तिखट प्रकार. मोहम्मद अली रोडवर बैदा रोटी खाल्लीये? मग सख्खी नाही तरी चुलत बहीण तुम्हाला ठाऊक आहे. हा प्रकार अरब आणि भारतीय मुसलमान व्यापाऱ्यांबरोबर तिकडे गेला. मध्य जावातल्या तेगलजवळ लेबाकसिऊ नावाचं ठिकाण आहे, तिथली माणसं देशभर मार्ताबाकच्या गाड्या चालवतात, आणि आपल्याला ही विद्या एका भारतीयाने शिकवली असं तिथे सांगतात. संध्याकाळी एकाच गाडीवर एका बाजूला हे तिखट पाकीट आणि दुसऱ्या बाजूला गोड धिरडं विकायला लागले, आणि शेजाऱ्याचं आडनाव याला चिकटलं. बस, एवढंच.

मग गोड धिरडं आलं कुठून? सुमात्राच्या पूर्वेला बांगका नावाचं बेट आहे. कथील सापडणारं बेट. अठराव्या शतकापासून तिथल्या खाणींवर चीनमधून मजूर येत गेले, बरेचसे हक्का भाषा बोलणारे. हा पदार्थ त्यांचा. तिथे त्याचं नाव होक लो पान, म्हणजे साधारण ‘होकलो लोकांचा केक’. गंमत बघा, होकलो म्हणजे दुसरेच चिनी लोक, हक्का नव्हेत. म्हणजे नावातच उधारीची कबुली! मूळच्या होक लो पानात चॉकलेट नव्हतं की चीज नव्हतं. साखर आणि भाजलेले तीळ, संपला विषय. बेटावरची माणसं पोटासाठी जावाला आली, धिरडंही बरोबर आलं, आणि गावागणिक त्याचं बारसं होत गेलं. आजही कितीतरी गाड्यांवर अभिमानाने ‘मार्ताबाक बांगका’ असं लिहिलेलं असतं. पण सेमारांगला गेलात तर तोच पदार्थ ‘कुए बांदुंग’, म्हणजे बांदुंग शहराचा केक. समुद्र ओलांडून मलेशियात गेलात तर ‘आपाम बालिक’. त्यातलं ‘आपाम’ ओळखीचं वाटलं ना? दक्षिणेतलं आपलं अप्पम.

आत काय काय भरलंय ते बघितलं तर आणखी मजा. साखरेला तिथे ‘गुला’ म्हणतात. गूळ! संस्कृतातल्या गुडाचीच ही लेक. चीजला ‘केजू’ आणि लोण्याला ‘मंतेगा’, दोन्ही शब्द पोर्तुगीजांचे. चॉकलेटच्या काड्या पावावर भुरभुरून खायची सवय डचांची. एवढ्या लोकांनी त्या देशाला येऊन छळलं, लुटलं, राज्य केलं, आणि आता सगळे मिळून एका खोक्यात बसलेत. गाडीवाला कोणालाच विचारत नाही.

अर्थात गाडीवाल्याच्या वरच्या मजल्यावरही एक दुनिया आहे. मध्य जकार्तात पेचेनोंगान नावाचा रस्ता आहे, रात्रीच्या खाण्यासाठी फेमस. तिथे मार्ताबाकची जुनी दुकानं आहेत आणि हॉलंडहून आलेलं डबाबंद बटर घालून केलेलं मार्ताबाक मिळतं. किंमत ऐकून आपण नुसता वास घेतो. गेल्या दशकात तर या धिरड्याला भलतेच दिवस आले. न्यूटेला, टोब्लेरोन, पांदानच्या पानांचा हिरवा रंग, लाल रेड व्हेल्वेट, काळं ब्लॅक फॉरेस्ट. डाएटवाल्यांसाठी पातळ कुरकुरीत अवतार निघाला, ‘तिपकेर’ (डाएट! त्यावरही तेवढंच कंडेन्स्ड मिल्क असतं.) सोलो शहरात पिझ्झासारखं उघडं, एका गोलात आठ चवी असलेलं मार्ताबाक ‘मार्कोबार’ नावाने गाजलं. त्या धंद्यातला एक भागीदार होता गिब्रान राकाबुमिंग राका, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांचा मुलगा. तो २०२१ मध्ये सोलोचा महापौर झाला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये देशाचा उपराष्ट्राध्यक्ष. आपल्याकडे चहा, तिकडे मार्ताबाक. यावर मी जास्त बोलत नाही.

मला स्वतःला विचाराल तर हे आठ चवींचं प्रकरण झेपत नाही. दोन तुकड्यांनंतर जीभ हात वर करते. साधं तीळ-साखरेचं मी नंतर एकदा मागून खाल्लं, आणि तेच खरं. गरम धिरड्यात विरघळलेली साखर दाताखाली जरा करकरते आणि मग तीळ फुटतो. आपल्या संक्रांतीची आठवण येते. पण तिथल्या कोणाला हे पटत नाही. चॉकलेट नको म्हटलं की मास काळजीने बघतो.

असो. खोकं हातात आलं. गरम, जड, आणि केवढं! आमच्या घरच्या पोळ्यांच्या डब्याच्या झाकणाएवढं. मासने ते पातळ पिशवीत घातलं आणि आडवं धरायचं, तिरकं नाही, असं हातवारे करून बजावलं. मागचा जेलवाला पुढे झाला. त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. सगळी पोरं अशीच एकेक करून येत होती, खोकं घेत होती, हँडलला टांगत होती. मग कळत होतं की ते झोके खाणार. मग काढून मांडीवर ठेवत होती. मग एका हाताने खोकं धरून दुसऱ्या हाताने गाडी सुरू करायचा खटाटोप.

ते बघता बघता मला जिलेबी आठवली.

दर महिन्याच्या पगाराला बाबा जिलेबी आणायचे. अर्धा किलो, व्हीटीजवळच्या एका दुकानातली. कागदी पुडक्यात, वरून पांढरा दोरा. डोंबिवलीला घरी पोचेपर्यंत पुडक्याला तुपाचे डाग पडलेले असायचे, आणि मी आणि दादा त्या डागांवरून आत किती असेल त्याचा अंदाज बांधायचो. मार्च एंडिंगला बाबा रोज दहा वाजता यायचे, आमच्याशी बोलणंच व्हायचं नाही, तेव्हा महिन्यातून दोनदा जिलेबी यायची. सोगोकान! एवढ्या वर्षांत एकदाही ती मोडलेली आली नव्हती.

व्हीटी ते डोंबिवली. संध्याकाळच्या गर्दीत.

मी कोसच्या पायऱ्यांवर बसले, खोकं मांडीवर, आणि फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेनऊ, म्हणजे आपल्याकडे आठ. बातम्यांची वेळ. बाबांनीच उचलला.

‘हं. आईला देऊ?’

‘नको. तुम्हाला विचारायचं होतं एक.’

‘पैसे संपले?’

‘नाही हो. आंबोळीला जाळी पडायला आजी काय करायची?’

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. बाबांचं लहानपण कुडाळजवळ गेलं. आजीच्या आंबोळीचा विषय निघाला की ते दुसरं सगळं विसरतात, हे मला माहीत होतं. आता ही चलाखी म्हणायची की माघार, ते तुम्ही ठरवा.

‘पीठ रात्री भिजवायचं,’ बाबा म्हणाले. ‘आंबलं पाहिजे. बिडाचा तवा सणसणीत तापवायचा. पीठ घातलं की उलथनं लावायचं नाही. झाकण ठेवायचं आणि गप्प बसायचं. लोक सारखं झाकण उघडतात, तिथे चुकतं. का गं?’

मग मी सांगितलं. तवा, झाकण, घरटं, मार्जरीनचा गिलावा, सगळं. अर्धं मागितल्यावर मास कसा बघत होता ते सांगितलं. होणाऱ्या सासऱ्यासाठी रांगेत उभी राहिलेली पोरं सांगितली. बाबा हसले. आवाज न करता हसतात ते, पण मला फोनवर कळतं.

‘केवढं आहे?’

‘पोळ्यांच्या डब्याच्या झाकणाएवढं.’

‘एकटी खाऊ नकोस. बाधेल.’

‘बाबा, ती पगाराची जिलेबी तुम्ही लोकलमध्ये कशी सांभाळायचात?’

‘कशी म्हणजे? वर धरून.’

‘वर?’

‘डोक्याच्या वर. हात वर करून. गर्दीत खाली जागा असते का? दादरला जरा त्रास व्हायचा, तिथे हात बदलायचा. ठाण्यापर्यंत मुंग्या यायच्या.’

‘बसायला नाही मिळायचं?’

‘बसायला!’ बाबा म्हणाले. ‘सव्वासहाच्या फास्टला?’

खुर्ची म्हणे.

मी म्हटलं, ‘बाबा, परवा मी जे बोलले...’

‘कॉल महाग पडेल तुला. ठेव आता.’

‘व्हॉट्सअॅपवर आहे बाबा. फुकट असतो.’

‘तरी,’ म्हणाले आणि ठेवला.

खोकं तोवर गार व्हायला लागलं होतं. मी वर गेले आणि व्हरांड्यातलं पहिलं दार वाजवलं. तोपर्यंत आमची ओळख म्हणजे जाता-येता हसण्यापुरती. दारात मेदानची मुलगी, एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करणारी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तिने खोकं पाहिलं आणि किंचाळलीच. त्या किंचाळीने आणखी चार दारं उघडली. दहा मिनिटांत आम्ही सात जणी व्हरांड्यात फतकल मारून बसलो होतो, मधोमध खोकं. ज्या मुलीला मी आठवडाभर घुमी समजत होते ती फ्लोरेसची निघाली, कॉलेजात शिकणारी, आणि तिने मधले गुबगुबीत तुकडे सोडून कडेचे कुरकुरीतच तेवढे उचलले. सुराबायाजवळची एक होती, तिने याला मार्ताबाक म्हणू नका, तेरांग बुलान म्हणा, असा आग्रह धरला. त्यावरून जे पेटलं ते मला शब्दाने कळत नव्हतं, पण चितळे की काका हलवाई या वादावर वाढलेल्या पुणेकराला सूर तेवढा कळतो. (डोंबिवलीची असले तरी आता सहा वर्षं पुण्यात भाडं भरतेय, एवढा हक्क आहे.)

मग मेदानवालीने बोटं चाटत विचारलं, कोणी आणलं? ‘पाचार?’ म्हणजे बॉयफ्रेंड.

मी म्हटलं, नाही. मीच. मीच रांगेत उभी राहून.

एकदम शांतता, आणि मग सगळ्या खो खो हसत सुटल्या. शनिवारी रात्री? एकटी? त्या पोरांच्या रांगेत? आवाज ऐकून इबू कोस खालून तावातावाने आली. दहानंतर गोंगाट केल्याबद्दल ओरडणार होती बहुतेक. फ्लोरेसवालीने काही न बोलता एक तुकडा तिच्या हातावर ठेवला. चीजवाला. इबू कोसने तो तिथेच उभ्या उभ्या खाल्ला, दुसरा रुमालात गुंडाळला, आणि आवाज कमी करा म्हणत खाली गेली.

लाच चालते. प्रत्यक्ष पाहिलं.

सकाळी उठले तेव्हा खोक्यात एकच तुकडा होता, माझ्यासाठी ठेवलेला. रात्रभर पंख्याखाली राहून मार्जरीन थिजलेलं, दाण्याचं कूट ओलसर, चॉकलेट आत मुरलेलं. जाणकार म्हणतात की मार्ताबाक दुसऱ्या दिवशीच खरं लागतं, आपल्या पुरणपोळीसारखं. मोबाइलवर बाबांचा मेसेज होता. ते मेसेजखाली नाव लिहितात, पत्राखाली लिहावं तसं.

‘वाटलंस का? बाबा.’

मी लिहिलं, ‘हो. एकच तुकडा उरलाय.’

बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत राहिलं. बाबा एका बोटाने टाइप करतात.

‘तो खा. चेकचं काय झालं? बाबा.’